नशा मेंदूची, मग मूत्रपिंड का निकामी होते?

पर्यटनाचा हंगाम भरात आला की गोव्यातील वर्तमानपत्रांत एका ठरावीक वळणाची बातमी अधूनमधून येते. हणजूण, वागातोर किंवा हरमलच्या बाजूला रात्रभर चाललेल्या पार्टीत एखादा तरुण कोसळतो, त्याला आधी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात आणि तिथून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, हलवले जाते, अमली पदार्थाच्या अतिसेवनाचा संशय व्यक्त होतो, आणि बातमीच्या शेवटी ‘मूत्रपिंडे निकामी झाली होती’ असे एक वाक्य येऊन जाते. त्या वाक्याचा उलगडा मात्र कोणी करत नाही. हृदय बंद पडले किंवा श्वास थांबला, हे वाचकाला समजते. पण गोळी गेली पोटात, नशा चढली मेंदूत, मग पाठीच्या बाजूला बरगड्यांखाली निमूटपणे काम करणाऱ्या मूत्रपिंडांनी कोणाचे काय घोडे मारले होते, हा प्रश्न तसाच राहतो.

याचे थोडक्यात उत्तर असे की, नशेचे बहुतेक पदार्थ मूत्रपिंडाला थेट विष म्हणून मारत नाहीत. मूत्रपिंड बहुधा दुसऱ्याच्या अपघातात सापडते: कधी अतोनात तापलेल्या शरीराच्या, कधी फुटलेल्या स्नायूंच्या, कधी आवळलेल्या रक्तवाहिन्यांच्या, तर कधी सुईतून आत शिरलेल्या जंतूंच्या. त्यामुळे ‘हा पदार्थ किडनीला वाईट आहे का’ असा सरळ प्रश्न विचारला तर उत्तर अर्धवटच मिळते. तो पदार्थ घेतल्यावर शरीराची अवस्था काय झाली आणि ती किती तास तशीच राहिली, हे त्याहून अधिक महत्त्वाचे असते.

मूत्रपिंडाचे रोजचे काम

मुठीएवढ्या आकाराची आणि प्रत्येकी सुमारे दीडशे ग्रॅम वजनाची ही दोन इंद्रिये हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा स्वतःकडे ओढून घेतात. प्रत्येकात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला एक लांब, नागमोडी नलिका जोडलेली असते. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव खाली उतरतो. त्यातला ९९ टक्के भाग नलिका पुन्हा रक्तात परत घेतात आणि उरलेला दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतो. कचरा टाकणे हे या कामाचे एक अंग झाले. रक्तातले पाणी, मीठ, आम्लता आणि विशेषतः पोटॅशियम नावाचा क्षार मर्यादेत ठेवणे हे त्याहून नाजूक काम असते, कारण पोटॅशियम ठरावीक पातळीच्या वर गेले की हृदयाचे ठोके बिघडतात आणि ते थांबूही शकते.

खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, पाहिलेल्या गोमंतकीयाला हे काम पटकन ध्यानात येईल. बांधात बसवलेली मानस, म्हणजे पाण्याचे झडपेसारखे दार, भरतीचे खारे पाणी अडवते, ओहोटीला शेतातले पाणी बाहेर काढते, आणि हे सारे स्वतःच्या बळावर नव्हे, तर पाण्याच्याच दाबावर करते. मूत्रपिंडालाही स्वतःचा पंप नाही. हृदयाने पाठवलेल्या रक्ताचा दाब हीच त्याची गाळण्याची ताकद असते. म्हणून मानस ज्या कारणांनी निरुपयोगी होते, त्याच कारणांनी मूत्रपिंडही होते: येणारे पाणीच आटले, दारात लाकूडफाटा अडकला किंवा दार कुजले, नाहीतर पुढची वाटच तुंबली. अचानक बंद पडलेल्या मूत्रपिंडाचा रुग्ण समोर आला की डॉक्टर याच तीन शक्यता क्रमाने तपासतात, आणि नशेचे पदार्थ या तिन्ही वाटांनी घात करू शकतात.

रात्रभर नाच आणि सकाळी कोलासारखी लघवी

पार्ट्यांत चालणाऱ्या पदार्थांपैकी एमडीएमए, म्हणजे ‘एक्स्टसी’ची गोळी, मेथअँफेटामिन, कोकेन आणि मेफेड्रोन हे सारे उत्तेजक आहेत. (बातम्यांत ‘एमडी’ म्हणून येते ते बहुधा मेफेड्रोन असते, एमडीएमए हा वेगळा पदार्थ आहे, आणि या दोन नावांची गल्लत सर्रास होते.) उत्तेजकामुळे शरीराची उष्णता वाढते आणि त्याच वेळी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावत असल्यामुळे ती उष्णता बाहेर टाकण्याची वाटही अरुंद होते. त्यात माणूस तासन्‌तास नाचत असतो, गर्दीत हवा खेळत नाही, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही. घाम वाळल्याखेरीज अंग थंड होत नाही. थकवा आणि तहान या शरीराच्या दोन इशाऱ्यांकडे नशेमुळे दुर्लक्ष होते. अशा अवस्थेत अंगाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले की स्नायूंच्या पेशी फुटू लागतात.

या प्रकाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. पुढे आपण त्याला स्नायूविघटन म्हणू. फुटलेल्या स्नायूतून दोन घातक गोष्टी रक्तात येतात. पहिली म्हणजे पोटॅशियम, कारण शरीरातले बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत, आणि त्यातही मुख्यतः स्नायूंत साठवलेले असते. दुसरी म्हणजे मायोग्लोबिन, हे स्नायूंना लाल रंग देणारे, प्राणवायू धरून ठेवणारे प्रथिन. ते गाळणीतून सहज खाली उतरते आणि नलिकेत जाऊन साकळते. मानशीच्या दारात लाकूडफाटा अडकण्याचा प्रकार तो हाच. शरीरातले पाणी आटलेले असेल आणि लघवी घट्ट व आम्लधर्मी झाली असेल, तर मायोग्लोबिन अधिकच साकळते. शिवाय ते नलिकांच्या पेशींना थेट इजा करते आणि मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या आवळते. एकाच वेळी तिन्ही बाजूंनी मार बसतो, तो असा.

वैद्यकशास्त्राला हा संबंध नीट उमगला तो पार्टीत नव्हे, तर युद्धात. १९४०-४१ मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना ढिगाऱ्याखाली हातपाय चेंगरलेली काही माणसे जिवंत बाहेर काढली जात, सुरुवातीला बरी वाटत, आणि काही दिवसांनी लघवी बंद होऊन दगावत. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. मार लागला होता पायाला, आणि बंद पडले होते मूत्रपिंड.

स्नायूविघटनाची सर्वांत साधी खूण डोळ्यांना दिसते. लघवी गडद होते. कधी कोऱ्या चहासारखी, कधी थेट कोलासारखी. इस्पितळात तिची तपासणी करताना एक गमतीदार विसंगती समोर येते. लघवीच्या नमुन्यात कागदी पट्टी बुडवली की रक्ताचा चौकोन गडद हिरवा होतो, म्हणजे पट्टी सांगते की लघवीत भरपूर रक्त आहे. पण तोच नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात तांबड्या पेशी जवळपास सापडतच नाहीत. पट्टी खोटे बोलत नसते, तिला रक्तातले आणि स्नायूतले लोहयुक्त प्रथिन वेगळे ओळखता येत नाही इतकेच. अनुभवी डॉक्टर या दोन निष्कर्षांतल्या तफावतीवरूनच स्नायूविघटनाचा संशय घेतात आणि सीपीके नावाच्या रक्ततपासणीने तो पक्का करतात. निरोगी माणसात साधारण दोनशेच्या आसपास असणारा हा आकडा पाच हजारांच्या पुढे गेला की मूत्रपिंडाला धोका वाढतो, आणि गंभीर रुग्णांत तो लाखाच्या पुढेही जातो.

स्नायू फुटायला नाचच करायला हवा असे मात्र नाही. हेरॉइन, झोपेच्या गोळ्या किंवा बेसुमार दारू यांनी बेशुद्ध झालेला माणूस स्वतःच्याच हातावर किंवा दुमडलेल्या पायावर आठ-दहा तास पडून राहतो. शुद्धीत असलेला माणूस झोपेतही कूस बदलतो. हा बदलत नाही. अंगाच्या भाराखाली दबलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो, आणि त्याला उठवून बसवले की साठलेले सारे विष एकदम रक्तात सुटते. खोलीत सापडलेला असा माणूस ‘हात बधिर झालाय, सुजलाय’ एवढेच सांगत असतो, आणि मित्र त्याला बाम चोळत बसतात. वास्तविक सुजलेला, टणक झालेला, बधिर हात ही तातडीची परिस्थिती आहे.

मग पाणी भरपूर प्यायले की झाले ना?

ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. एमडीएमएमुळे शरीरात पाणी राखून ठेवणारे संप्रेरक वाढते, म्हणजे माणूस कितीही प्यायला तरी मूत्रपिंड ते पाणी बाहेर सोडत नाही. त्यात ‘पाणी पीत राहा’ हा सल्ला ऐकून कोणी थोड्या वेळात तीन-चार लिटर साधे पाणी प्यायला, तर रक्तातला सोडियम पातळ होतो. त्याची नेहमीची पातळी १३५ ते १४५ असते; ती झपाट्याने १२० च्या खाली घसरली तर मेंदूला सूज येते, झटके येतात आणि मृत्यूही ओढवतो. तरुण स्त्रियांमध्ये हा धोका अधिक दिसून आला आहे. म्हणजे एकाच गोळीने एकाचे पाणी आटते आणि दुसऱ्याचे रक्त पाणीदार होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच गोंधळलेले, भरकटलेले दिसतात. रक्त तपासल्याशिवाय हा फरक कळत नाही. म्हणून घरगुती उपाय करत बसण्यापेक्षा अंगावरचे कपडे सैल करून, ओल्या फडक्याने व पंख्याने अंग थंड करत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे हेच शहाणपणाचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. त्याला कुशीवर निजवावे.

कोकेन, सुई आणि केटामाइन

कोकेन रक्तवाहिन्या करकचून आवळते. रक्तदाब एकदम चढतो, आणि क्वचित मूत्रपिंडाच्या धमनीत गुठळी होऊन त्याचा एखादा भाग रक्ताविना मरतो. अशा वेळी कमरेच्या एका बाजूला उठणारी असह्य कळ मुतखड्याची समजून चालढकल होते. त्याखेरीज कोकेनमधील भेसळीची गोष्ट वेगळीच आहे. गुराढोरांना जंतांवर देतात ते लेव्हामिसोल नावाचे औषध कोकेनमध्ये मिसळलेले जगभर आढळले आहे. त्यामुळे काही माणसांत शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते, कानांच्या पाळ्या काळ्यानिळ्या पडतात आणि मूत्रपिंडाच्या गाळण्यांना सूज येते. घेणाऱ्याने पैसे मोजलेले असतात कोकेनचे, आणि आजार पदरी पडतो तो जनावरांच्या औषधाचा.

सुईने हेरॉइन घेणाऱ्यांत मूत्रपिंडाचे नुकसान सावकाश, वर्षानुवर्षे होत जाते. एकमेकांची सुई वापरल्याने एचआयव्ही आणि ब व क प्रकारच्या काविळीचे विषाणू शरीरात शिरतात, आणि हे तिन्ही विषाणू गाळण्या खराब करू शकतात. अस्वच्छ सुईतून गेलेले जंतू हृदयाच्या झडपांवर घर करतात आणि त्यांचे कण मूत्रपिंडात जाऊन अडकतात. कातडीखाली वारंवार टोचून झालेल्या, वर्षानुवर्षे पू धरणाऱ्या जखमांमुळे अमायलॉइड नावाचे प्रथिन मूत्रपिंडात साचते. या सगळ्यांत पहिली खूण बहुधा फेसाळ लघवी आणि पायांवरची सूज ही असते.

केटामाइनचा मार तिसऱ्या वाटेने, म्हणजे खालून वर जातो. शस्त्रक्रियेत योग्य मात्रेत भूल देण्यासाठी ते चांगले औषध आहे. पण नशेसाठी महिनोन्‌महिने ते घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला आतून जखमा होतात. २००७ मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी असे रुग्ण पहिल्यांदा नोंदवले आणि त्यानंतर हाँगकाँगमधून अनेक प्रकरणे पुढे आली. चारशे-पाचशे मिलिलिटर मावणारे मूत्राशय आकसून त्यात शंभरही मावेनासे होते, दर अर्ध्या तासाला कळा देत लघवीला जावे लागते, आणि पुढे मूत्रवाहिन्या अरुंद झाल्या की लघवी मागे तुंबून मूत्रपिंड फुगते. ‘लघवीला जळजळ होते’ म्हणून प्रतिजैविकांचे कोर्स एकामागून एक घेणाऱ्या आणि तपासणीत जंतू न सापडणाऱ्या तरुणाला केटामाइनबद्दल थेट विचारलेले बरे.

गांजा तर झाडाचा पाला, त्याने काय होणार?

वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी, हा युक्तिवाद टिकत नाही. कण्हेरही वनस्पतीच आहे. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर, साध्या गांजाने मूत्रपिंडाला थेट इजा होते असा भक्कम पुरावा आजवर मिळालेला नाही, आणि भीती घालण्यासाठी तसे म्हणणे योग्य नाही. त्याच्या दीर्घ सेवनाने काहींना वारंवार ओकाऱ्यांचा एक विकार जडतो, ज्यात गरम पाण्याने सारखी आंघोळ केल्यानेच बरे वाटते. त्या ओकाऱ्यांनी शरीर कोरडे पडून मूत्रपिंड अडचणीत येऊ शकते. खरा धोका आहे तो ‘स्पाइस’ किंवा ‘के-टू’ या नावांनी विकल्या जाणाऱ्या कृत्रिम गांजाचा. हा प्रत्यक्षात गांजा नसून कोणत्यातरी सुक्या पाल्यावर फवारलेले प्रयोगशाळेतले रसायन असते. २०१२ मध्ये अमेरिकेतील सहा राज्यांत या पदार्थानंतर मूत्रपिंड अचानक निकामी झालेले १६ रुग्ण तिथल्या आरोग्य यंत्रणेने नोंदवले, आणि त्यांपैकी पाच जणांना डायलिसिस करावे लागले.

दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती सहज लागणाऱ्या थिनर आणि गोंदाची दखल इथेच घ्यायला हवी. त्यातील टोल्युईन हुंगल्याने मूत्रपिंडाच्या नलिका आम्ल बाहेर टाकू शकत नाहीत, पोटॅशियम लघवीवाटे वाहून जाते, आणि मुलाचे हातपाय अचानक लुळे पडतात. यात मात्र मूत्रपिंडाला इजा थेटच होते.

माझ्या मित्रांनीही घेतली होती, त्यांना काही झाले नाही

हे खरेही असेल, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. एकाच पुडीतून आलेल्या दोन गोळ्यांतली मात्रा सारखी असेलच असे नाही, आणि ती नावाप्रमाणे तीच गोळी असेल याचीही हमी नसते. त्याहून मोठा फरक शरीराच्या त्या दिवसाच्या अवस्थेचा असतो. आदल्या दिवशी जुलाब झालेले, दुपारभर उन्हात बिअर किंवा हुर्राक पीत बसलेले, रात्री उपाशी नाचलेले शरीर आधीच कोरडे असते. दक्षिण गोव्यातील काणकोण तालुक्यात मोठ्या प्रमाणात आढळणाऱ्या मूत्रपिंडविकारांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचा नशेशी संबंध जोडण्याचे कारण नाही; पण ज्याच्या मूत्रपिंडात आधीच दोष आहे आणि ज्याला तो ठाऊक नाही, त्याला धक्का सोसण्याची जागाच कमी उरलेली असते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक जण एक चूक हमखास करतात. अंग ठणकत असते, डोके भणभणत असते, म्हणून फार्मसीतून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणली जाते. शरीरातले पाणी कमी असते तेव्हा मूत्रपिंड आपल्याकडे येणारी रक्तवाहिनी सैल ठेवून कसेबसे गाळण टिकवते. या वेदनाशामक गोळ्या नेमकी तीच सोय काढून घेतात. ठणकणारे अंग हे स्नायू फुटत असल्याचे लक्षण असेल, तर गोळीने वेदना झाकली जाते आणि मूत्रपिंडावरचा भार वाढतो.

रिपोर्ट तर नॉर्मल आला

मूत्रपिंडाच्या तपासणीत पाहिला जाणारा नेहमीचा घटक म्हणजे क्रिएटिनिन, हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा कचरा. त्याची पातळी साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान असते. अडचण अशी की, मूत्रपिंडाची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत हा आकडा मर्यादेतच राहू शकतो, आणि अचानक इजा झाल्यावरही तो चढायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून पहाटे चार वाजता घेतलेल्या रक्ताचा नमुना ठीक आला, एवढ्यावर रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नये. पोटॅशियम, सीपीके, दर तासाला होणारी लघवी आणि दुसऱ्या दिवशीचा क्रिएटिनिन, हे सारे मिळून चित्र स्पष्ट होते. मूत्रपिंड बहुधा दुखत नाही, हीच त्याची मोठी अडचण.

वेळेत उपचार झाले तर गोष्ट बरीच आशादायक असते. स्नायूविघटनात पहिल्या काही तासांत शिरेतून भरपूर सलाइन देऊन लघवीचा प्रवाह वाढवणे हा मुख्य उपचार आहे. प्रवाह जोरात असेल तर नलिकांत काही साकळायला वेळच मिळत नाही. त्यानेही न भागल्यास काही दिवस ते काही आठवडे डायलिसिस लागते, आणि पुष्कळ रुग्णांची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात. जी करत नाहीत, त्यांच्या वाट्याला आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास यंत्राला जोडून घेणे येते. शॅकवर पाळीत काम करणाऱ्या किंवा टॅक्सी चालवणाऱ्या पंचविशीतल्या मुलाच्या कमाईचे त्यात काय होते, याचा हिशेब घरच्यांना वेगळा सांगावा लागत नाही.

इस्पितळात खरे सांगितले तर पोलीस मागे लागतील

उशीर होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते, आणि ही भीती निराधार आहे असेही म्हणता येत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाही गुन्हा आहे, आणि विषबाधेचा रुग्ण दाखल झाल्यास इस्पितळ पोलिसांना कळवू शकते. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनाधीन व्यक्तीने स्वतःहून सरकारमान्य केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र ही सवलत काढून घेता येते. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि बांबोळीच्या मनोरुग्ण इस्पितळात व्यसनावर उपचार होतात.

अपघात विभागातल्या डॉक्टरला सोबतच्या मित्राकडून हवी असते ती माहिती मोजकी आहे: काय घेतले, कधी घेतले, सोबत दारू किंवा इतर गोळ्या होत्या का, किती तास बेशुद्ध होता आणि कोणत्या अंगावर पडला होता, शेवटची लघवी कधी झाली आणि तिचा रंग काय होता. उरलेली गोळी किंवा पुडी असल्यास दाखवावी. घरी सोडल्यानंतर वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने व रक्तदाब पुन्हा तपासून घ्यावा. मूत्रपिंड पूर्ण सावरले की त्यात कायमचा दोष राहिला, हे त्या तपासणीतच कळते.